दूरचा मालक

घर बांधावं किंवा विकत घ्यावं, त्यात दुसऱ्याला राहायला द्यावं आणि महिन्याच्या महिन्याला भाडं घ्यावं, यात काही वाईट आहे असं आमच्या गावात आज कुणी म्हणणार नाही. ज्याच्याकडे चार गुंठे उरलेत त्याने खोल्या काढल्यात. ज्याचा पोरगा दुसऱ्या राज्यात नोकरीला आहे त्याने फ्लॅट घेऊन ठेवलाय. पैसा बँकेत निजवण्यापेक्षा विटेत घातलेला बरा, हे आता लहान पोरालाही पाठ आहे. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. भाडेकरू दर महिन्याला पैसे देतो ते नेमके कशाचे? भिंती तर एकदाच बांधून झाल्या. मग मालक दर महिन्याला काय देतो? आणि मालक समोरच्या ओट्यावर बसलेला असला काय किंवा दोन राज्यं पलीकडे असला काय, त्याच्या देण्यात काही फरक पडतो का?

हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही. तीन पिढ्यांत आमचं घर या व्यवहाराच्या दोन्ही बाजूंना बसलेलं आहे, म्हणून तो घरातच होता.

माझे आजोबा कूळ होते. खेड तालुक्यात, चाकणच्या बाजूला, साडेचार एकरांचा तुकडा ते कसत. मालक पुण्यात पेठेत राहायचा. कागदावर मालकी त्याची, कुळाच्या रकान्यात नाव आजोबांचं. खंड ठरलेला होता, आधी बाजरीत आणि मग रोखीत. मालक वर्षातनं एकदा यायचा, संक्रांतीच्या आगेमागे, म्हणजे खळी उरकून धान्य घरात आल्यावर. ओट्यावर घोंगडीवर बसायचा, पेलाभर दूध घ्यायचा, वहीत आकडा मांडायचा आणि दुपारच्या गाडीने परत. शेताच्या बांधावर तो कधी गेल्याचं कुणाला आठवत नाही.

आजोबांना त्याचा राग नव्हता. उलट म्हणायचे, "लांबचा मालक बरा. वरसातनं एकदा येतो, घेतो आन जातो. गावातला असता तर रोज बांधावर हुबा राह्यला असता. हे पेरलं का, ते का न्हाय पेरलं, बैल कुणाचा आणला... जीव खाल्ला असता."

आजी मात्र गोष्टीची दुसरी बाजू सांगायची. एका साली पाऊस गेला. बाजरी निसवली पण दाणा भरला नाही. खंड द्यायला धान्य नाही, हे मालकाला कळणार कसं? आजोबांनी त्या वाळल्या कणसांची एक पेंडी धोतराच्या सोग्यात बांधली आणि पुण्याला गेले. कणसं मालकाच्या पुढ्यात ठेवली. त्याने अर्धा खंड सोडला, अर्धा पुढच्या सालावर ओढला. माणूस वाईट नव्हता. पण आजी म्हणायची, "जवळ असता तर त्यानं डोळ्यांनी बगितलं असतं. लांब म्हून कणसं न्यावी लागली."

मला वाटतं, या एका वाक्यात निम्मा प्रश्न सांगून झाला आहे. जवळच्या मालकाला दिसतं. दूरच्या मालकाला पटवावं लागतं. आणि पटवायचं ओझं नेहमी ज्याच्या अंगावर पडतं, तो आधीच अडचणीत असतो.

पुढे कायदा आला. तो काही एका दिवसात आला नाही. कोकणातल्या खोतीविरुद्ध अलिबाग तालुक्यातल्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी १९३३ साली संप सुरू केला, तो सहा वर्षं चालला. खोती रद्द करण्याचं विधेयक बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. खोती कायद्याने जायला स्वातंत्र्य यावं लागलं. आमच्या देशावर १९४८ चा कूळकायदा लागू झाला, आणि त्यातल्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जमीन जो कसत होता तो तिचा मालक मानला गेला. किंमत साध्या कुळासाठी जमिनीच्या आकाराच्या वीस पटीपासून दोनशे पटीपर्यंत ठरवायची होती. आजोबांनी ती हप्त्यांनी फेडली. बत्तीस-म चं प्रमाणपत्र मिळालं ते आजीने ट्रंकेत, लग्नाच्या शालूच्या घडीत ठेवलं.

कसेल त्याची जमीन. या चार-सहा अक्षरांवर आमचं घर उभं राहिलं, म्हणून त्यांच्याविषयी मी हलकं बोलणार नाही. पण पुढे आमच्याच दारात जे झालं त्याला ही अक्षरं पुरेनात. जमीन कोण कसतं हे सांगता येतं. नांगर कुणाचा, घाम कुणाचा, हे अख्ख्या गावाला माहीत असतं. खोली कोण कसतो? भाडेकरू झाडतो, सारवतो, भिंतीला देव टांगतो, तिथेच लेकरू वाढवतो. पण भिंत मालकाच्या पैशाने उभी असते. राहील त्याची खोली असं म्हटलं, तर उद्या कुणी खोली बांधणारच नाही, आणि परगावाहून आलेला माणूस पुलाखाली झोपेल. म्हणजे कुळाला जो न्याय लागला तो भाडेकरूला जसाच्या तसा लागत नाही. मग कुठला लागतो?

औद्योगिक वसाहतीसाठी आमच्या साडेचार एकरांतले साडेतीन गेले. मोबदल्यातून दोन लग्नं झाली, कर्ज फिटलं, ट्रॅक्टर आला. मी मास्तरकीत होतो. थोरल्या भावाने, आमच्या दादाने, उरलेल्यातल्या आठ गुंठ्यांवर चौदा खोल्या काढल्या. दहा बाय दहा, वर पत्रा, दोन रांगा, मधे बोळ, टोकाला तीन संडास आणि दोन नळ. तेव्हा एका खोलीला पाऊण लाखाच्या आसपास खर्च आला आणि भाडं नऊशे ठरलं. हिशोब करून बघा, सात वर्षांत खोलीचे पैसे खोलीनेच फेडले. त्यानंतर आलेलं भाडं निव्वळ हातात. एवढं पीक त्या जमिनीने आजोबांना कधी दिलं नव्हतं.

पहिले भाडेकरू बीड, नांदेड, बुलढाण्याकडचे. मग उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचे आले. एका खोलीत तिघे-चौघे. एकाची पाळी सुटायची तेव्हा दुसऱ्याची लागायची, त्यामुळे अंथरूण कधी गार पडत नसे.

दादा जवळचा मालक. चाळीच्या तोंडाशीच त्याचं घर. रात्री बोळातला दिवा गेला की दहा मिनिटांत हा स्टूल घेऊन हजर. एका ओडिया बाईच्या लेकराला मध्यरात्री फणफणून ताप भरला, तेव्हा दादानेच जीप काढून त्यांना दवाखान्यात नेलं आणि सकाळपर्यंत तिथे बाकावर बसून राहिला. पण हाच दादा खोलीवर पाहुणा आला की मोजायचा. दोन दिवसांच्या वर राहिला तर माणशी दोनशे रुपये जादा. रात्री दहानंतर मोठ्याने बोलायचं नाही. पुढच्या रांगेत मासळी तळायची नाही. सबमीटरचं युनिट तो बिलात येतं त्यापेक्षा चढ्या दराने लावायचा आणि विचारलं की म्हणायचा, "मोटारीचं, बोळातल्या दिव्याचं कुणी भरायचं?" गावातले काही मालक तर त्याच्याही पुढे गेलेले. किराणा आमच्याच दुकानातून घ्यायचा, नाहीतर खोली खाली कर. आजोबा ज्याला घाबरायचे तो बांधावरचा मालक म्हणजे हाच. फक्त आता तो आमच्याच ओट्यावर बसला होता.

दादाचा थोरला मुलगा बंगळुरूला संगणकाच्या कंपनीत आहे. त्याला तिथे घर घेणं परवडेना, म्हणून तो तिथे भाड्याने राहतो. आत शिरताना त्याने दहा महिन्यांचं डिपॉझिट भरलं. घरमालक अमेरिकेत. गिझर बिघडला की हा ईमेल करतो आणि उत्तराची वाट बघत पंधरा दिवस गार पाण्याने अंघोळ करतो. आणि याच पोराने गावाकडच्या रस्त्यावर नव्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, राहायला नव्हे, भाड्याने द्यायला. किंमत बत्तीस लाख, त्यातलं चोवीस लाख कर्ज. भाडं नऊ हजार.

हा हिशोब दादाच्या खोल्यांहून अगदी वेगळा आहे, आणि फरक इथेच सुरू होतो. वर्षाला एक लाख आठ हजार म्हणजे किमतीच्या साडेतीन टक्क्यांच्याही आत. कर्जाचं व्याज नऊ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे भाड्यातून त्याला नफा होत नाही, ते हप्त्याला लावलेला टेकू असतं. त्याची खरी नजर दहा वर्षांनंतरच्या किमतीवर. दादाचा धंदा भाडेकरूवर चालतो, म्हणून तो भाडेकरूला चांगलं-वाईट का होईना, बघतो तरी. पुतण्याचा धंदा भिंतींवर चालतो. आत कोण आहे याने त्याला फारसा फरक पडत नाही. त्या इमारतीतले निम्मे मालक असेच होते. कुणी हैदराबादला, कुणी इंदूरला, कुणी दुबईला. काहींनी आपला फ्लॅट फोटोतच पाहिलेला.

दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात सोसायटीचं बोअर आटलं. टँकर लावावा लागला. टँकरला पैसे हवेत आणि बाहेरगावच्या मालकांचा मेंटेनन्स थकलेला. कुणी मुद्दाम बुडवला होता असं नाही. ज्याला तहान लागत नाही त्याला पाण्याचं बिल लक्षात राहत नाही, एवढंच. विजेचं बिल थकलं तशी लिफ्ट बंद झाली. पुतण्याच्या फ्लॅटमध्ये नांदेडकडचं जोडपं होतं. बाईला आठवा महिना. नवरा पाळीवर गेला की ती खालून कळशी भरून चार मजले चढायची. त्याच महिन्यात एजंटाकडून त्यांना निरोप गेला, पुढल्या महिन्यापासून भाडं पाचशेने वाढेल.

पुतण्याला यातलं काहीही माहीत नव्हतं. नवऱ्याने एजंटाला तीनदा फोन केले होते. मी एजंटाला गाठून विचारलं, मालकाला का सांगितलं नाही? तो शांतपणे म्हणाला, "सर, मला भाडं गोळा करायचे पैसे मिळतात. गाऱ्हाणी गोळा करायचे नाही मिळत." माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला नेमलंच तेवढ्यापुरतं होतं.

शाळेत इंग्रजी शिकवताना 'बॉयकॉट' या शब्दाची गोष्ट मी पोरांना सांगायचो. आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न नावाच्या जमीनदाराचा बॉयकॉट हा कारभारी होता. पीक बुडालं म्हणून १८८० साली कुळांनी खंडात जास्त सूट मागितली. ती मिळाली नाही आणि कुळांना हुसकावण्याच्या नोटिसा निघाल्या, तेव्हा सगळ्या पंचक्रोशीने कारभाऱ्याशी व्यवहार तोडला. मजूर नाही, दुकानात माल नाही. त्याचं नाव जगाच्या शब्दकोशात गेलं. जमीनदाराचं नाव किती जणांना ठाऊक आहे? दूरचा मालक असा मोकळा राहतो, आणि त्याच्यातर्फे नकार देणारा मधला माणूस बदनाम होतो.

त्या वर्षी दिवाळीला बाप-लेकाची ओट्यावर चांगलीच जुंपली. पाण्याचं सगळं कळल्यावर पुतण्याने वाढ मागे घेतली होती, टँकरचा वाटा भरला होता. तरी दादा त्याला बोलला. तेव्हा पोरगा म्हणाला, "आबा, तुमच्या खोलीत कुणाची आई आली तरी तुम्ही दोनशे रुपये घेता. माझ्या फ्लॅटमध्ये कोण येतं, काय शिजवतं, मी विचारत नाही. सांगा, माणसाचा मान कुठं जास्त राहतो?"

दादा म्हणाला, "आरं, मान घिऊन काय करायचा, नळाला पानी न्हाय तर?"

मी दोघांच्या मधे बसलो होतो आणि दोघांचंही मला पटत होतं. ज्याला माणूस दिसतो त्याला त्याच्यावर सत्ता चालवायचा मोह होतो. ज्याला माणूस दिसत नाही त्याला तो आहे याचाच विसर पडतो. पाळत आणि विसर, यातलं कमी वाईट काय हे भाडेकरूने सांगावं. मालकाने नव्हे.

२०२० साल आलं आणि माझ्या मनातली जवळ-लांबची मांडणी आणखी विस्कटली. मार्चच्या शेवटी सगळं बंद झालं. मजुरांकडून महिनाभर भाडं मागू नये असा केंद्र सरकारचा आदेश निघाला. एप्रिलमध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकला असं सांगितलं. बंगळुरूहून पुतण्याने एका निरोपात तीन महिन्यांचं भाडं माफ करून टाकलं. त्याचा पगार चालू होता. दादाने मात्र एप्रिलचं भाडं मागितलं नाही, मेचं मागितलं. त्याची चूल त्याच भाड्यावर होती, आणि चौदापैकी नऊ खोल्यांना कुलपं लागलेली. माणसं आधी पायी आणि मग श्रमिक गाड्यांनी निघून गेली. जी पाच खोल्यांतली माणसं अडकली, त्यांच्याकडून त्याने निम्मं भाडं घेतलं, आणि त्याच पाच घरांना वहिनी रोज संध्याकाळी भाकरी पाठवत होत्या. भाडं घेतलं म्हणून दादा कठोर, माफ केलं म्हणून पुतण्या उदार, असं मला म्हणवत नाही. एकाला सोडून देणं परवडत होतं. दुसऱ्याला परवडत नव्हतं, पण तो सोबत होता.

त्या अडकलेल्यांत बिहारच्या सिवान जिल्ह्यातला एक जण होता. चाळीशीचा, वेल्डर, दहा वर्षं आमच्याच खोलीत. संध्याकाळी बोळात उभा राहून तो फोनवर तासभर बोलायचा. मला वाटायचं, बायकोशी बोलत असेल. त्या दिवसांत रिकामपणी गप्पा झाल्या तेव्हा कळलं, की गावाकडे त्याची दीड बिघा जमीन आहे आणि ती त्याने शेजाऱ्याला बटाईने दिली आहे. अर्धं पीक त्याचं, अर्धं मालकाचं. म्हणजे आमचा हा भाडेकरू तिकडे दूरचा मालक होता! मी विचारलं, हिस्सा बरोबर मिळतो का? तो म्हणाला, "चाचा, हम हिस्सा बाद में पूछते हैं. पहले पूछते हैं पानी चला कि नहीं, खाद मिला कि नहीं. एक साल फसल मारी गई तो हमने कहा, इस बार तुम ही रख लो." तुला कसं कळलं पीक गेलं ते, मी विचारलं. तो हसला. म्हणाला, रोज फोन करतो ना.

आमच्या आजोबांना कणसं सोग्यात बांधून न्यावी लागली होती. या माणसाच्या बटाईदाराला ती न्यावी लागली नाहीत, कारण मालकच विचारत होता. अंतर आमच्या पुण्याच्या मालकापेक्षा कितीतरी जास्त. त्याची मिळकत आमच्या कुणाहीपेक्षा कमी.

तेव्हापासून माझं मत असं झालं आहे. जमिनीचा न्याय कसण्यावर ठरला. घराचा न्याय निगा राखण्यावर ठरावा. भाडं हे भिंतींचं मोल नाही. भिंत चालू ठेवायची, पाणी येत ठेवायचं, आणि काही मोडलं तर ऐकून घ्यायचं, या कबुलीचे ते पैसे आहेत. ही कबुली पाळणारा हजार मैलांवर असला तरी मालक आहे. न पाळणारा समोरच्या ओट्यावर असला तरी नुसता वसुलीवाला आहे. आणि निगा घराची राखायची, घरात राहणाऱ्याच्या वागण्याची नाही. पाहुणा कोण आला, तव्यावर काय तळलं, हे भाड्यात विकत घेता येत नाही.

दूर राहून हे करणं अवघड आहे, अशक्य नाही. पण ते आपोआप होत नाही. जवळच्याला जे डोळ्यांनी फुकट कळतं, ते दूरच्याने पैसे आणि वेळ घालून कळवून घ्यावं लागतं. गुंतवणुकीच्या हिशोबात लोक हप्ता धरतात, कर धरतात, दलाली धरतात, हा खर्च मात्र कुणी धरत नाही. तो धरला नाही तर तो वाचत नाही. तो आठव्या महिन्यातल्या बाईच्या कमरेवर जातो.

हे सगळं आता मला नुसतं लिहायचं नाही. दादा चौऱ्याहत्तरचा झाला. गुडघे धरतात, स्टुलावर चढवत नाही. चौदा खोल्या पुढे कोण बघणार? पुतण्या म्हणतो, एजंटाकडे देऊ, मी तिकडून लक्ष ठेवतो. वाटणीच्या बैठकीत त्यांनी मला विचारलं, तेव्हा मी तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, प्रत्येक खोलीला कागद हवा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने लेखी करार नोंदवण्याची जबाबदारी मालकावरच टाकली आहे, आणि आमच्या चाळीत आजवर एकालाही कागद दिलेला नाही. त्या कागदावर मालकाचा स्वतःचा फोन नंबर हवा, एजंटाचा नव्हे. दुसरी, जो कुणी वसुलीला नेमाल त्याला एका खोलीच्या महिन्याच्या भाड्याइतका खर्च दुरुस्तीवर न विचारता करायचा अधिकार द्यायचा, आणि आलेली गाऱ्हाणी कळवायचे वेगळे पैसे. तिसरी, वर्षातनं एकदा मालकाने स्वतः यायचं आणि दोन दिवस चाळीतल्या नळाचं पाणी भरून राहायचं. संक्रांतीला नाही, मे महिन्यात.

पहिल्या दोन गोष्टी पुतण्याने लगेच मान्य केल्या. पाहुण्याचे दोनशे रुपये बंद करायलाही दादा कुरकुरत तयार झाला. तिसऱ्या गोष्टीवर पोरगा म्हणाला, "काका, मेमध्ये सुट्टी मिळणं कठीण असतं."

दादा भिंतीला टेकून बसला होता. म्हणाला, "मग मेचं भाडं बी नको घिऊ."

पोरगा काही बोलला नाही. बैठक तिथेच उठली, आणि खोल्यांचा निर्णय अजून व्हायचा आहे.